पाटलांच्या घरात अडकलेलं अलास्का

"वर्षा, पासपोर्ट आत राहिलाय गं," दामलेबाई फोनवर म्हणाल्या.

"कुठे आत?"

"पाटलांच्या घरात. आणि पाटलांच्या दाराला कुलूप आहे."

दुपारच्या गाडीने बाई मुंबईला निघणार होत्या आणि रात्री त्यांचं अमेरिकेचं विमान होतं. सुरतेतल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मी तेव्हा काउंटर सांभाळायचे. नाकारलेले व्हिसा पाहिले होते, हरवलेली तिकिटं पाहिली होती. शेजाऱ्याच्या कुलपाआड गेलेला पासपोर्ट पहिल्यांदाच!

आमचे मालक मनसुखभाई चहा पीत होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, ताळुं तोडी नाखो ने, वर्षाबेन! एमां शुं?"

कुलूप तोडा म्हणायला त्यांचं काय जातंय. मी लूना काढली आणि उधन्याच्या बाजूला बाईंच्या सोसायटीत पोचले.

दामलेबाईंनी मला शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने फिऑर्ड काढायच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. निवृत्त झाल्यावर नवऱ्याबरोबर त्या खाड्या बघायला जायचं ठरलं होतं. मग नवरा आजारी पडला आणि गेला. पुढे शहरात प्लेग आला, तेव्हा सुरतेच्या माणसाला कोण दारात उभं करणार? असं करत करत अलास्का पुढेच जात राहिलं. शेवटी अमेरिकेतल्या मुलीने दोघींसाठी एका लहान जहाजाची केबिन घेतली.

लहान जहाज म्हणजे काय, ते सांगते. मोठं क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल, ते बंदराबंदरावर थांबतं. लहान जहाजात माणसं मोजकीच, आणि मोठ्याला जिथे शिरता येत नाही अशा खाड्यांत ते शिरतं. किनाऱ्यावर जंगल आणि अस्वलं. गाव नाही की रस्ता नाही. त्यामुळे जहाज एकदा सुटलं की मधे कुठे गाठता येत नाही. जो वेळेत पोचत नाही त्याला आमच्या धंद्यात नो-शो म्हणतात. केबिन त्याच्या नावाची असते, फक्त तो नसतो.

"पण पासपोर्ट तिथे गेलाच कसा?" मी विचारलं.

बाईंच्या मोठ्या नणंदबाई, अक्का, नाशिकहून निरोप द्यायला आल्या होत्या. त्यांनीच खुलासा केला. "आज गुरुवार. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल. म्हणून काल प्रस्थान ठेवलं."

दिशाशूल म्हणजे त्या वारी त्या दिशेला निघू नये. त्यावर उपाय प्रस्थानाचा. आदल्या दिवशी चांगली वेळ बघून आपल्या सामानातलं काहीतरी शेजारी नेऊन ठेवायचं, म्हणजे आपण निघालोच असं धरतात. दुसऱ्या दिवशी ते उचलून पुढे जायचं.

"अहो अक्का, अलास्का उत्तरेला आहे!"

"मुंबई दक्षिणेलाच ना?"

मी कपाळावर हात मारला. लोक हळकुंड-सुपारी ठेवतात. बाईंनी हँडबॅगच ठेवली, कारण अक्का म्हणाल्या होत्या की जे खरंच बरोबर जाणार तेच ठेवावं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, जहाजाचं व्हाउचर, सगळं त्या बॅगेत. आणि पहाटे पाटलांकडे निरोप आला की गावी अमळनेरकडे काका वारले. बिचारे सगळे मिळेल त्या गाडीने निघून गेले. अशा वेळी बॅग कोणाच्या लक्षात राहते?

"कुलूप तोडू या," मी म्हटलं.

"नाही हं," बाई म्हणाल्या. "दुःखातलं घर फोडून मला बर्फ बघायचा नाही. त्यांच्यातलं कोणी हो म्हणालं तरच." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता.

पाटलांचा भाऊ सुरतेतच लिंबायतला राहतो एवढं मला माहीत होतं. लूना तिकडे पिटाळली. विचारत विचारत घर सापडलं. भाऊही गावी गेला होता. त्याची बायको सुशीलाताई लहान मूल तापलं म्हणून मागे राहिली होती. रडून रडून चेहरा सुजलेला. अशा बाईला जहाजाचं काय सांगायचं! मला भयंकर लाज वाटली, तरी सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मूल शेजारणीकडे दिलं, खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि म्हणाली, "चाला. ते घर मनं बी शे." घर तिचंही होतं, म्हणजे हो म्हणणारं माणूस मिळालं.

बत्ता मांडीवर घेऊन ती माझ्या मागे लूनावर बसली. पाटलांच्या दारात तिने कोणाला हात लावू दिला नाही. चार-पाच घावांत कुलूप खाली. हँडबॅग देवघरात होती, वर हळदकुंकू वाहिलेलं.

तेवढ्यात अक्का पुटपुटल्या, "सुतकाच्या घरातून आलेलं प्रस्थान... आता निघावं का गं?"

दामलेबाईंचा बॅगेकडे गेलेला हात थांबला. माझा संताप संताप झाला. पण माझ्याआधी सुशीलाताईच बोलली. "सुतक आमले शे, तुमले नही. तुम्ही जा, बाई." आणि बॅग स्वतः उचलून तिने बाईंच्या खांद्याला अडकवली.

बाईंनी तिला मिठीच मारली. मी तोंड फिरवून बाहेर आले आणि लूना सुरू करायला लागले, कारण मलाही रडू येत होतं.

गाडी मिळाली. विमान मिळालं. जहाज सुटण्याआधी बंदरावरून मुलीचा फोन आला, "आई चढली." मी ऑफिसात एवढ्या जोरात "चढली!" म्हणून ओरडले की मनसुखभाईंचा चहा सांडला.

परत आल्यावर बाई घरी सामान टाकून आधी लिंबायतला गेल्या, मला घेऊन. सुशीलाताईने चहा टाकला आणि विचारलं, "मंग, दिखना का बरफ?"

"दिसला," बाई म्हणाल्या. "जहाज हिमनदीसमोर नुसतं उभं होतं. आणि घराएवढा तुकडा तुटून पाण्यात पडला. केवढा आवाज! हिमनदी सरकते असं मुलांना जन्मभर सांगत आले गं. ती गर्जते, हे मलाच माहीत नव्हतं." बोलता बोलता त्यांनी सुशीलाताईचा हात धरला, तो चहा निवेपर्यंत सोडला नाही.

आता तिकिटं देताना मी गिऱ्हाइकाला विचारते, प्रस्थान ठेवणार का? ठेवा, जरूर ठेवा, पण सुपारीचं ठेवा. आणि ज्यांच्याकडे ठेवणार, त्यांच्या भावजयीचा पत्ता मला देऊन जा.