रेडिओवर चालू राहिलेला माझा आवाज

मी इंजिनिअर आहे. कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण घडलं ते असं.

आम्ही बेंगळुरूत के. आर. पुरमला राहतो. मी, नवरा आणि सासूबाई. मराठी मंडळाच्या नाटकांत मी कामं करते, म्हणून सुधाअक्कांनी मला त्यांच्या इंटरनेट रेडिओवर बोलावलं. अक्कांचं घराणं इथलंच, कित्येक पिढ्यांचं. दर रविवारी सकाळी त्या नाटक-साहित्यावर लाइव्ह चर्चा घेतात. त्या दिवशीचा विषय — परक्या शहरात मराठी नाटक कुणासाठी करायचं?

स्टुडिओ म्हणजे तळघरातली एक चिंचोळी खोली. भिंतींना फोम, जाड दार, खिडकी नाही. मोबाइल बाहेर ठेवायचा. दुसरे पाहुणे रस्ता चुकले होते.

"स्वल्प थांब गं, त्यांना घेऊन येते," म्हणत अक्का गेल्या. दार लागलं. मी हेडफोन लावून बसले आणि लाइट गेले.

मिट्ट काळोख. तेवढ्यात हेडफोनमध्ये एका पुरुषाचा आवाज आला. वयस्कर, शांत.

"ऐकू येतंय ना? सुरू करूया."

मला वाटलं, पाहुणे फोनवरून जॉइन झाले असतील, यंत्रं बॅटरीवर चालत असतील. मी बोलू लागले. माणूस जाणकार होता. म्हणाला, "परगावात प्रेक्षक गोष्ट बघायला येतच नाही. आपली भाषा कुणीतरी मोठ्याने बोलतंय, एवढंच ऐकायला येतो." पटलं मला. रंगून बोलले मी.

पण एसी बंद, हवा कोंदट. घाम मानेवरून ओघळत होता. "एक मिनिट हं, दार उघडते," म्हटलं.

"बसा हो. मुद्दा राहिलाय."

हेडफोन काढून चाचपडत दारापाशी गेले. हँडल फिरेना. धक्के मारले, ओरडले... फोमने सगळं गिळलं. त्या शांततेत माझंच हृदय धडधडताना ऐकू येत होतं. ते इतकं असह्य झालं की मी परत येऊन स्वतःच हेडफोन लावले.

"बरं, पुढे?" तो म्हणाला. जणू मी उठलेच नव्हते.

मी रडत होते आणि उत्तरं देत होते. थांबले की श्वासच बंद पडेल असं वाटायचं.

शेवटी दार उघडलं. अक्का आणि वॉचमन, हातात टॉर्च.

"अय्यो! दार अडकलं होतं गं. कुणाशी बोलत होतीस?"

"पाहुण्यांशी..."

"ते तर बाहेर उभे आहेत. करंट गेलाय, सगळं बंद आहे बघ."

खरंच, यंत्रांवरचा एकही दिवा लागलेला नव्हता. बाहेर ठेवलेला मोबाइल उचलून मी धावतच वर रस्त्यावर आले आणि सासूबाईंना फोन लावला. त्या घरी टॅबवर कार्यक्रम ऐकत होत्या.

"अगं, मध्येच फोन कसा केलास? बोलतेयस ना तू!" असं म्हणून त्यांनी फोन टॅबजवळ धरला.

माझाच आवाज. हसत होता.

"तुम्हाला घाई नाही ना?" तो माणूस विचारत होता.

"छे हो! मला कुठे जायचंय!" मी म्हणत होते.

मी फोन कट केला.

अक्कांनी नंतर सगळं तपासलं. लाइट गेल्यापासून त्यांच्याकडून काहीच प्रसारित झालं नव्हतं. मग सासूबाईंनी ऐकलं ते काय? कार्यक्रम संपला कसा, असं मी त्यांना एकदा विचारलं.

"संपला कुठे?" त्या म्हणाल्या. "कुकर लावायचा होता, म्हणून मीच बंद केला."