‘पास्ड’च्या पुढचा शब्द

शेजारच्या मालतीताईंचा मुलगा परदेशात शिकतो. परवा सकाळी त्या चालू फोन हातात घेऊनच आमच्या दारात आल्या.

“तिकडच्या हॉस्पिटलातून बोलतायत. मला काही कळत नाहीये. तुम्ही ऐका ना.”

नर्स सांगत होती, की अँब्युलन्स पोहोचली तेव्हा “ही हॅड पास्ड...” आणि आवाज तुटला.

‘हॅड’ म्हणजे जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं. पण काय झालं, ते पुढच्या इवल्याशा शब्दावर. ‘अवे’ असेल तर मुलगा गेला, ‘आउट’ असेल तर नुसती शुद्ध हरपली. होऊन गेलेलं काही बदलत नाही, हे कळत असूनही मी मनात ‘आउट, आउट’ म्हणत राहिलो.

“काय म्हणतायत?” मालतीताई माझ्या चेहऱ्यावरून नजर हटवत नव्हत्या.

“थांबा जरा.”

खरखर झाली. नर्सने वाक्य पुन्हा म्हटलं आणि या वेळी ‘आउट’ स्पष्ट ऐकू आलं. आता तो शुद्धीवर आहे, त्याच्याकडेच फोन देते, असंही ती म्हणाली.

“चक्कर आली होती त्याला,” मी म्हणालो. “आता शुद्धीवर आहे.”

त्या उंबऱ्यावरच बसल्या. “मग इतका वेळ गप्प का होतात?”

मी फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून मुलगा “आई” म्हणत होता.