एक तास दहा मिनिटे

अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि खरे सांगायचे तर आजही तो बसला आहे असे मी म्हणणार नाही. मी सर्व्हेअर. अंतर मोजणे हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय. जे मोजता येत नाही ते मी बाजूला ठेवत आलो. तरीही गेल्या हिवाळ्यात जे घडले, ते जसेच्या तसे लिहितो आहे.

नोकरी हैदराबादची, घर पैठणचे. आईच्या शेवटच्या आजारपणात मी दर वेळी एकच कळवले — "लांब पडतं, जमत नाही." अंतर होते एका रात्रीच्या रेल्वेचे! तेराव्याला थोरल्या भावाने, दादाने, सगळ्यांसमोर विचारले, "बापू, किती लांब व्हतं रे?" प्रश्न खरा होता, म्हणून मी रागावलो. बॅग उचलली आणि उंबऱ्यातून म्हणालो, "जातो." घरातून निघताना 'येतो' म्हणावे, हे आमच्याकडे लहान मुलालाही सांगावे लागत नाही. त्यानंतर अकरा वर्षे मी त्या घरी गेलो नाही... फोनही केला नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी छत्रपती संभाजीनगरचे विमान धरले. पत्नीला 'साइटवर जातोय' असे सांगितले होते. दादाने दार लावून घेतले, तर ते कुणाला कळू नये एवढीच इच्छा. मोबाइल बंद करून पिशवीत ठेवला. विमान वर गेल्यावर वैमानिकाने सांगितले — एक तास दहा मिनिटांत पोहोचू. घड्याळात पावणेअकरा झाले होते. मी डोळे मिटून मनातल्या मनात म्हणालो, "दादा, येतो. एक तास दहा मिनिटं." बस्स, एवढेच.

चिकलठाण्याला विमानतळाबाहेर आलो, तर समोर दादा. तो पैठण्या विणतो. मागावरून उठून तसाच आलेला, सदऱ्याला रेशमाचे धागे चिकटलेले.

"उशीर केलास," तो म्हणाला.

"दादा... तू इथं कसा?"

"येड्या, तूच फोन केलास की! तुझ्या वहिनीनं उचलला, मला दिला. 'दादा, येतो. एक तास दहा मिनिटं.' एवढं बोललास अन् ठेवला. मागं विमानाची घरघर चालू व्हती, म्हणून इथं आलो. शेजारची जीप मागून! मिनिटं मोजून येणारा पाहुणा पहिल्यांदाच बघितला."

"आवाज माझाच होता?"

"तुझाच. जरा रडका."

मी तिथेच त्याच्या पाया पडलो. "दादा, लांब नव्हतं," एवढेच मला म्हणता आले.

"माहीत हाय," तो म्हणाला. "चल, भाकऱ्या गार व्हतील."

वहिनींना वेळ नेमकी आठवत होती — पावणेअकरा; चुलीवरचे दूध सोडून त्या फोनकडे धावल्या होत्या. माझ्या मोबाइलवर त्या सकाळचा एकही कॉल नाही. मी येणार हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हते. पुष्कळ विचार केला. हाती काही लागले नाही. दादाला त्याचे काहीच वाटत नाही. "आलास ना? मग झालं," म्हणतो, आणि पुन्हा मागावर बसतो.

तीन दिवस राहिलो. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणालो, "दादा, येतो." हे मात्र मी मोठ्याने म्हणालो, त्याला साक्षीदार आहेत.