लगडीला माहेर नसतं

चांदीची कोणतीही वस्तू मुशीत टाकण्यापूर्वी दादू ओतारी ती कानाशी धरून नखाने वाजवत. पुण्याच्या टाकसाळीत येणारी जुनी चांदी आटवून तिच्या लगडी ओतायच्या, हे त्यांचे काम. त्या लगडींचीच पुढे नाणी पडत. ते म्हणत, "आधी ऐकून घ्यावं. एकदा लगड झाली की तिला माहेर नसतं."

मी तिथे नवा कारकून होतो. सासवडच्या पंतोजींच्या कृपेने मोडी शिकलो. आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच.

एके दिवशी एका सरदाराच्या घरून लहान मुलाचे वाळे आले, सोबत चिठ्ठी. मोडीत शब्द एकमेकांना चिकटलेले. "कसपाहावाआटवूनये" इथपर्यंत लागले. पुढे शाई फुटलेली आणि शेवटी "पाठवावे". आटवून येथे पाठवावे, की आटवू नये, पाठवावे? नक्की कोणते, ते लागेना. पण शिकलेल्या माणसाने 'लागत नाही' कसे म्हणावे?

"आटवून येथे पाठवावे," मी वाचले.

दादूंनी वाळा वाजवला. "पुन्हा वाचा, कारकून."

मी मोठ्याने वाचले.

"आवाज वाढला. अक्षर तेवढंच राहिलं."

मग "पोट दुखतंय" म्हणून पेटती भट्टी तशीच सोडून ते घरी गेले.

सकाळी भट्टी विझलेली पाहून टाकसाळीवर देखरेख करणाऱ्या दरोग्यांनी त्यांना कामावरून काढले. मी चिठ्ठी मुठीत लपवली. दुपारी सरदारांचा माणूस आला. "वाळे द्या. ह्याच कसाचा नवा जोड करायचाय. हे तीन पिढ्यांच्या पायातले. आटवू नका म्हणून लिहिलं होतं ना?"

मी धावत कसब्यात दादूंच्या घरी गेलो. दादू गाठोडे बांधत होते.

"चला, दरोग्यांना मी खरं सांगतो."

"काय सांगाल? मला कुठे अक्षर येतं?"

"मग आटवले का नाहीत?"

"पोट दुखत होतं म्हटलं ना."

मी दरोग्यांना सगळे सांगितले. त्यांनी बोलावणे धाडले, तोवर दादू नाशिकच्या वाटेला लागले होते.

आता अक्षर अडले की मी सरळ म्हणतो, लागत नाही. दादू मात्र मला अजून लागलेले नाहीत.