दोरीमामा आणि दोन मिलिमीटर

दोरीमामा गाडीकडे बघण्याआधी माणसाकडे बघायचे आणि विचारायचे, "वजन किती तुमचं?" माणूस काय सांगायचं ते सांगायचा. मामा त्यात मनातल्या मनात भर घालायचे आणि कामाला लागायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐटीत "बहात्तर" म्हणालो. त्यांनी मला पायापासून वर न्याहाळलं, पोटापाशी जरा मुक्काम केला, आणि कोपऱ्यातली सरकीच्या ढेपेची दहा-दहा किलोची पोती एकेक करून माझ्या सीटवर मांडायला घेतली. आठ झाली तेव्हा थांबले. "ऐंशी धरतो," म्हणाले, "बाकी तुमचं तुमच्यापाशी." इतका अपमान मी डॉक्टरकडूनही करून घेतला नव्हता, आणि तिथे तर मी फी देत होतो.

मामा चाकं सरळ करायचे. आज वर्ध्यात हे काम यंत्रं करतात. पडद्यावर हिरवे-लाल आकडे दिसतात आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. मामांकडे पडदा नव्हता. कापूस बाजाराच्या मागच्या बाजूला, कडुलिंबाखाली, त्यांनी पाण्याची नळी लावून सपाट केलेली एक सिमेंटची फरशी होती. गाडी त्या फरशीवर उभी करायची, दोन्ही बाजूंनी लोखंडी घोड्यांवर दोऱ्या ताणायच्या, आणि पट्टीने दोरीपासून चाकाच्या पुढच्या कडेपर्यंत अंतर मोजायचं, मग मागच्या कडेपर्यंत. दोन्हींत फरक किती, त्यावरून चाक आत वळलंय की बाहेर ते कळतं: पुढचं अंतर जास्त तर आत, कमी तर बाहेर. इतकंच. त्या फरशीवर कोणी चप्पल घालून पाय ठेवला तर तो देवळात शिरल्यासारखे मामा ओरडायचे. वर्धा जिल्ह्यात तेवढीच एक जागा सपाट आहे, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आमचे रस्ते बघता त्यात अतिशयोक्ती नव्हती.

पोती कशाला, असं विचारलं की ते वैतागायचे. "रिकामी गाडी मोजून काय फायदा? रिकामी गाडी तं कोणी चालवत नाई! तू बसला की ती दबते. दबली की चाक हालते. मंग मोजाचं कवा?" समोरच्या गोठ्यातल्या म्हशींना हे शास्त्र चांगलं कळत असावं. ढेप बाहेर निघाली की त्या दावं ताणून गाडीकडे बघत राहायच्या.

माझी गाडी तेव्हा नवी होती, म्हणजे मला नवी होती. नागपूरच्या एका हौशी माणसाने वापरून कंटाळून विकलेली. लाल, बुटकी, रुंद टायरांची, मागे एक पंख. त्या पंखाचा उपयोग मला अजून कळलेला नाही. आमच्या कॉलनीतली मुलं त्यावर क्रिकेटची बॅट ठेवत. मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी, वर्धा ते देवळी अशी रोज कचेरीला ये-जा करणारा, कारकुनाच्या पगाराचा माणूस. हा रस्ता असा की त्यावर वळण शोधायला निघालात तर देवळी येऊन जाते. अशा रस्त्यासाठी मी वळणांवर चिकटून धावणारी गाडी घेतली होती. बायको एकदा बसली. घरी येऊन तिने कंबर धरली आणि जाहीर केलं, "यापेक्षा ट्रॅक्टर बरा. त्याच्यात बसलं की कोणी हासत तरी नाई." त्यानंतर ती बसली नाही.

फोनवर या गाडीच्या मालकांचा एक ग्रुप होता. त्यात पुण्या-बंगळुरूची मंडळी रोज आपापल्या चाकांचे कोन टाकत. मी तिथला सगळ्यात मोठा कोन निवडला, कागदावर उतरवला आणि मामांसमोर धरला. चाकांची वरची बाजू अडीच अंश आत झुकलेली, पुढची चाकं किंचित बाहेर उघडलेली, म्हणजे गाडी वळणात चाकूसारखी शिरते. मामांनी कागद लांब धरला, अजून लांब धरला, आणि मला परत दिला. तेव्हा मला वाटलं, हा तुच्छतेचा अभिनय आहे.

"हे पोरं कुठं चालवतेत?"

"ट्रॅकवर. शर्यतीच्या."

"अन् तू?"

"देवळीले."

मामा बराच वेळ हसले. मग त्यांनी ओळंबा सोडून चाकाचा कल मोजला आणि मला फक्त एक अंश दिला, तोही उपकार केल्यासारखा. "वर एक अंश घे, हौस म्हणून. पण पुढचे चाकं बाहेर उघडू देनार नाई. एक मिलिमीटर आत ठेवतो. आपल्या रस्त्यावर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या हायेत, बाहेर उघडलेलं चाक त्यात शिरते अन् तुले विचारल्याबिगर जाते. समोरून ट्रक येऊन राह्यला असन तं मंग काय वळणात शिरशीन?" मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हातारा जुन्या जमान्यातला आहे. जुन्या जमान्यातल्या माणसांबद्दल असं म्हटलं की आपण आपोआप नव्या जमान्याचे होतो, त्याला वेगळी लायकी लागत नाही.

काम संपलं की मामांची एक पद्धत होती. ते स्वतः डाव्या सीटवर बसत, मालकाला सेलूच्या सरळ रस्त्यावर न्यायला लावत आणि म्हणत, "हात सोड." स्टेअरिंगवरचे हात काढायचे. गाडी तशीच सरळ गेली तर ते उतरून चहा घेत. जरा जरी कललेली वाटली तर परत फरशीवर.

दुसरी पद्धत तळहाताची. जुनी गाडी आली की ते खाली बसून टायरवरून हात फिरवत, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. डोळे मिटून. आणि मग मालकाची कुंडली सांगत. "ब्रेक लय मारतो तू, घाबरट हायेस." "हे गाडी तुह्या साल्यानं चालवली, तू नाई." माझ्या टायरवरून हात फिरवून एकदा म्हणाले, "एकटाच फिरतो ना? डाव्या अंगाचं टायर कोरं हाये." मी त्यांना बायकोच्या कंबरेबद्दल काही सांगितलं नव्हतं. दर वेळी पोती मांडताना ते विचारत, "बाजूले कोन बसते?" आणि मी सांगे, "कोणी नाई." डावी सीट मोकळीच राहायची.

मी तिथे वारंवार जाऊ लागलो, काम नसतानाही. मामांना हाताखाली माणूस नव्हता. हळूहळू ते मला पट्टी देऊ लागले. ते पाना घेऊन गाडीखाली शिरत, आटा फिरवत, आणि मी दोरीला पट्टी लावून आकडा सांगत असे. "वाच." "पुढं बासष्ट, मागं एकसष्ट." "झालं. कसतो." आसपासचे मेकॅनिक बघत. मामांनी चाळीस वर्षांत कोणाला पट्टी धरू दिली नव्हती, असं त्यांच्यातला एक म्हणाला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की मामा मला आपली विद्या देऊन राहिले आहेत. तिने विचारलं की पगार कोण देणार. विद्येच्या बाबतीत आमच्या घरात नेहमीच असा प्रतिसाद मिळतो.

आणि मग मी ते केलं. ग्रुपवर एकाने मला "आत्या" म्हटलं होतं, माझी चाकं आत वळलेली आहेत म्हणून. पुढल्या रविवारी पुढचे टायरॉड, म्हणजे चाकं वळवणारे दांडे, बदलायला गाडी फरशीवर चढवली. मामा खाली, पट्टी माझ्या हातात. मी खोटे आकडे सांगितले. पुढची कड साठवर आली तेव्हा मी बासष्ट म्हणालो. मागे एकसष्टच होते. "एक आत?" मामांनी खालून विचारलं. "एक आत," मी म्हणालो. दुसऱ्या चाकालाही तेच. प्रत्येक चाक आत वळलेलं असायच्या ऐवजी बाहेर उघडलं होतं, आणि मामांनी स्वतःच्या हाताने नट कसला. ते हात पुसत डाव्या सीटकडे निघाले तेव्हा मी म्हणालो, घाई आहे, कचेरीत साहेब आलेत. रविवारी.

गाडी खरोखर चाकूसारखी झाली. केळझरच्या वळणांवर मी दोनदा जाऊन आलो आणि ग्रुपवर टाकलं. देवळीच्या रस्त्यावर मात्र ती म्हणेल तिकडे जायची. प्रत्येक चाकोरीत नाक खुपसायची, आणि एकदा समोरच्या ट्रकच्या इतकी जवळ गेली की ड्रायव्हरने माझ्या आईची विचारपूस केली. तरी मी चार महिने चालवली.

चार महिन्यांनी टायर बदलायच्या निमित्ताने मामांकडे गेलो. त्यांनी सवयीने खाली बसून हात फिरवला. आतून बाहेर. बाहेरून आत. पुन्हा एकदा. मग दुसऱ्या चाकाकडे गेले. आतली कड पार खाल्ली गेली होती. ते मलाही दिसत होतं. मामा उठून घोड्यांवरच्या दोऱ्या सोडल्या आणि हाताभोवती गुंडाळायला लागले.

"मामा, काय झालं?"

"आटा उलटा फिरवला म्या," ते म्हणाले. "तू एक आत म्हनला होता. टायर बाहेर सांगते. म्हंजे तू वाचल्यावर मीच कसताना उलटा फिरवला. ज्याचा हात उलटा फिरते, त्यानं पाना धरू नाई. उद्या कोन्या लेकरावाल्याची गाडी ट्रकखाली जाईन." चेहरा राखेसारखा झाला होता. "बंद करतो बाप्पा."

मी तिथे उभा होतो. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी "बघा, असं काही नसेल" अशासारखं काहीतरी पुटपुटलो आणि घरी आलो. जेवलोही. भ्याड माणसाला भूक बरोबर लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर मामा पोती मोकळी करत होते. समोरच्या म्हशी ढेप खात होत्या. ते बघितल्यावर माझ्याने राहवेना. मी सगळं सांगितलं. बासष्ट नव्हते, साठ होते. दोन्ही बाजूंना. तुमचा हात सरळच होता, मीच खोटं वाचलं. मला वाटलं, ते पाना फेकून मारतील. मारायलाच हवा होता.

मामा खाली बसले. मग त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिला आहे.

"म्हंजे हात बरोबर होता?"

"हो."

"उलटा नाई फिरवला?"

"नाई."

"मंग झालं!" ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "पट्टी मले दीड वर्षापासून दिसत नाई. म्हनून तं तुले धरलं होतं."

"मले वाटलं, तुमी मले शिकवून राह्यले."

"तुले?" त्यांनी मला पुन्हा पायापासून वर न्याहाळलं. "तुह्यात काय हाये शिकवासारखं?"

मी म्हटलं, मग बंद करू नका, मी खरं वाचीन. ते नाही म्हणाले. "दुसऱ्याच्या डोळ्यानं कसलेला नट माहा नाई. हे तूच दाखवलं. पन हात चुकला म्हनून बंद करनं येगळं, अन् डोळे थकले म्हनून बंद करनं येगळं. आता मी सुखानं बंद करतो. तुही गाडी मात्र सरळ करून देतो. माह्या हातची वाकडी गाडी गावात फिराले नाई पायजे."

म्हशींच्या तोंडची उरलीसुरली पोती आम्ही ओढून आणली. माझ्या सीटवर आठ ठेवली. मग त्यांनी नेहमीचं विचारलं, "बाजूले कोन बसते?"

"तुमी," मी म्हणालो. "वजन किती तुमचं?"

"पंचावन."

"साठ धरतो," मी म्हणालो, आणि डाव्या सीटवर सहा पोती मांडली. मामा पाना घेऊन खाली शिरले, आणि गाडीखालून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. मी आकडे वाचले. प्रत्येक आकडा दोनदा वाचला. पुढे बासष्ट, मागे एकसष्ट. दोन्ही बाजूंना.

ती त्यांची शेवटची गाडी. पुढे ते देवळीला लेकीकडे राहायला गेले आणि दोन वर्षांनी तिथेच वारले. मी रोज त्याच गावाला कचेरीत जात होतो आणि महिन्यातून एखाद्या वेळीच त्यांच्याकडे डोकावत होतो. ही लाज माझी मला आहे. पण ते मला आठवतात ते त्या सकाळचे. पोती उतरवून ते डाव्या सीटवर बसले, गुडघे छातीशी घेऊन, कारण ती सीट माणसांसाठी केलेलीच नव्हती. सेलूचा सरळ रस्ता आला. त्यांनी डोळे मिटले, तळहात डॅशबोर्डवर टेकला.

"हात सोड."

मी हात सोडले. गाडी सरळ गेली. एका चाकोरीवरून गेली, दुसऱ्या चाकोरीवरून गेली, आणि सरळच राहिली. मामांनी डोळे उघडले नाहीत.

"आता खरं सांगतलं तुनं," ते म्हणाले.

मला समोरचा रस्ता दिसेना. नाक ओढत, डोळे पुसायला मी दोन्ही हात वर नेले.

"काऊन बे, दिसून नाई राह्यलं काय?" मामा डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले. "मंग वाचलं कसं?"