खुंटीवरची चुंबळ

जोतीराम हवालदार पाचगणीच्या एका शाळेत ग्रंथालयाचा शिपाई होता, आणि विलायतेतल्या खेड्यात खून कसा होतो याची त्याला इस्लामपूरकडच्या आपल्या उसापेक्षा जास्त माहिती होती. पलटणीत तो सिग्नलला होता. तिथं इंग्रजी कामापुरतं आलं आणि अधिकाऱ्यांनी वाचून टाकलेल्या पुस्तकांवर ते वाढलं. पेन्शनीनंतर शाळेत लागला तेव्हा तर त्याची चंगळच झाली. पाचगणीच्या पावसात पुस्तकं पावासारखी फुगतात. दर मे महिन्यात शाळा अशी पुस्तकं काढून टाकी आणि जोतीराम त्यातली खुनाची तेवढी निवडून ट्रंकेत भरी. खून पाहिजे, आणि तोही खेड्यातला. शहरातल्या खुनाला चव नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

सुट्टीत गावी आला की लोक विचारत, हवालदार, औंदा किती मेलं? तो चिडत नसे. पारावर बसून सांगे, की तिकडची खेडी आपल्यासारखीच असतात. एक देऊळ, एक पोस्ट, चार म्हाताऱ्या, आणि कुणाच्या चुलीवर काय शिजलं याची साऱ्यांना खबर. फरक एवढाच, की तिकडं माणूस मेलं की कुणीतरी विचारायला येतं. कधी एखादी मास्तरीण, कधी म्हातारा डॉक्टर. घरोघरी चहा पितं, साधंसुधं विचारतं आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून काय घडलं ते सांगून टाकतं. हे सांगताना त्याचा आवाज घोगरा होई. लोकांना वाटे, तंबाखू लागली.

तंबाखूचा काही दोष नव्हता. जोतीरामची धाकटी बहीण बनू एकाहत्तर सालच्या लढाईत, तो सीमेवर असताना, सासरच्या विहिरीत बुडून मेली. त्या दिवाळीत भाऊबीजेला येतो, तुला माहेरी नेतो, असं त्यानं तिला लिहिलं होतं. रजा रद्द झाली. पुढं दीड महिन्यात हे झालं. विहिरीच्या काठावर घागर सापडली. पाण्याला गेली, पाय घसरला, असं सगळ्यांनी म्हटलं आणि कागदावरही तेच आलं.

फाल्गुनात रजा मिळाली तेव्हा तो कृष्णाकाठी तिच्या सासरी गेला, सोप्यात बसला, चहा प्याला, उसाचं विचारलं आणि परत आला. चुलत बहिणीची सोयरीक त्याच भावकीत ठरली होती. झाकली मूठ राहू दे, असं वडलांनी बजावलं होतं. लढाईवरून आलेला गडी, पण एक प्रश्न विचारायची त्याची छाती झाली नाही. तेव्हापासून तो ती पुस्तकं वाचत होता. परक्या गावात परक्यांनी विचारलेले प्रश्न वाचले की त्याला थोडं बरं वाटे, आणि पुस्तक मिटलं की बनूची आठवण जास्तच छळे.

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात, एका दुपारी, असंच एक फुगलेलं पुस्तक त्याच्या हातात होतं. त्यातला माळी काटेरी कुंपण छाटायला गेला आणि तिथंच मेला म्हणे, पण त्याचे हातमोजे घरी खुंटीवरच होते. जोतीरामनं पुस्तक पालथं घातलं आणि ट्रंक उघडली. तळाशी बनूच्या सासरहून आईनं आणलेलं सामान होतं. दोन लुगडी, एक फणी आणि एक चुंबळ. लुगड्याच्या काठांची ती लाल-हिरवी चुंबळ आईनंच लग्नात वळून दिली होती. बाकीचं त्यांनी दिलं, ही मी खुंटीवरनं काढून घेतली, असं आई मरेपर्यंत सांगायची.

घागर काठावर आणि चुंबळ घरात. भरली घागर डोक्यावर घ्यायची तर चुंबळ लागतेच. गावाकडची कुठलीही बाई हे क्षणात ओळखेल. आईनंही ओळखलं होतं. ती दरवेळी खुंटीचं का सांगायची, हे लेकाला कळायला पंचवीस वर्षं आणि एक विलायती माळी लागला.

मे महिन्यात तो बनूच्या सासरी गेला. तिचा नवरा चार वर्षांमागं वारला होता. सासू अंबूबाई ऐंशीला टेकलेली, सोप्यात घोंगड्यावर बसून होती. नातसुनेनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. जोतीरामनं चुंबळ म्हातारीपुढं ठेवली.

"मावशी, घागर हिरीवर आन् चुंबळ खुंटीला. कसं वं?"

अंबूबाईनं चुंबळ उलटीसुलटी करून पाहिली.

"घागर मी नेऊन ठिवली," ती म्हणाली. "ती रिकाम्या हातानंच गेली. सकाळी ल्योकानं मारली हुती तिला. परड्यातनं जाताना मी बघितलं, पर हाक मारली न्हाई. वाटलं, रडंल आन् यील माघारी. मागनं लोकं काय म्हनतील म्हनून घागर नेली. चुंबळ ध्यानात आली न्हाई."

तिनं ती मांडीवर ठेवली. "पावणं, कोनतरी इचारायला यील म्हनून मी लय वाट बघितली. तुमी आलासा तवा वाटलं, आता इचारताय. तुमी च्या पिऊन गेलासा."

पुस्तकात या ठिकाणी सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि फौजदार कुणाला तरी घेऊन जातो. इथं न्यायला कुणी उरलं नव्हतं. त्या पुस्तकांत मेलेल्या माणसासाठी कुणी धड रडत नाही, हेही जोतीरामच्या आजच ध्यानात आलं. चोपन्न वर्षांचा हवालदार परक्या सोप्यात हमसून हमसून रडला. चहावर साय धरली.

मग डोळे पुसून त्यानं कुठल्याही पुस्तकात नसलेला प्रश्न विचारला.

"जाताना माघारी बघितलं का वं तिनं?"

"व्हय," अंबूबाई म्हणाली. "फाट्याकडं. एस्टी थांबती तिकडं. दिवाळीपास्नं रोजच बघायची."