दोरी धरून ऐकणारा

सिद्धेश गेल्याचं मला आमच्या ढोल पथकाच्या ग्रुपवर कळलं. सकाळी ऑफिसला निघता निघता फोन उघडला, तर फुलांच्या चौकटीत त्याचा फोटो आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. मला वाटलं, कुणीतरी चावटपणा केलाय. आदल्याच आठवड्यात तो सरावाला आला होता. डोळे लाल दिसत होते म्हणून विचारलं, तर "कणकण आहे गं, गोळी घेतलीय," म्हणाला आणि कमरेला ढोल बांधून उभा राहिला. कणकण कसली, डेंग्यू निघाला. हॉस्पिटलात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता... सव्वीस वर्षांचा पोरगा, असा हातातून गेला.

नाहूरला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये वाढलो. तो परबांचा धाकटा. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने त्याला परदेशात पाठवलं होतं, निरनिराळ्या देशांतल्या तरुण मुलांनी एकत्र राहून मानसिक आरोग्याविषयी शिकायचं, बोलायचं, असा तो कार्यक्रम होता. आल्यावर चॉकलेटं वाटली आणि लगेच म्हणाला, आपल्या पोरांबरोबर हे करायचं. मंडळाच्या खोलीत खुर्च्या गोल मांडल्या. तिकडे म्हणे एक दगड हातोहात फिरवतात. ज्याच्या हातात दगड, त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी फक्त ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. दगड मिळेना म्हणून याने नारळ घेतला. तिसऱ्या हातात गेला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "फोडूया का रे?" हसून हसून सगळ्यांची वाट लागली. मग पथकातल्या ओमकारने, नोकरी सुटल्यापासून झोप येत नाही एवढंच म्हटलं, तर चारी बाजूंनी सल्ल्यांचा पाऊस. जिम लाव, गावाला जाऊन ये, लग्न कर. ओमकारने नारळ खाली ठेवला आणि पुन्हा तोंड उघडलं नाही.

सिद्धेश त्या दिवशी फार खट्टू झाला होता. पण थोड्याच दिवसांनी, सराव संपल्यावर, तो आणि ओमकार ढोलाच्या दोऱ्या ताणत बसले होते. हे काम दोघांचं. एकाने गुडघा रोवून दोरी ओढायची, दुसऱ्याने ती सैल पडू न देता धरून ठेवायची. मान खाली, नजर दोरीवर. आणि त्या खाली मानेनेच ओमकार सगळं बोलून गेला, जगावंसं वाटत नाही इथपर्यंत. सिद्धेशने दोरी सोडली नाही आणि मध्ये एक शब्द बोलला नाही. शेवटी "उद्या डॉक्टरकडे जाऊ, मी येतो," एवढंच म्हणाला आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर सरकारी हॉस्पिटलच्या रांगेत जाऊन बसला. मला नंतर म्हणाला, "आपल्या लोकांना समोरासमोर बसवलं ना, की कांदेपोह्यांना आल्यासारखे गप्प होतात. हातात काम दे, मग बघ." तेव्हापासून आमच्या पथकात दोऱ्या ताणायला उगाचच जास्त वेळ लागायला लागला. कुणाचं घर, कुणाचं प्रेम, कुणाची दारू... आणि नियम एकच, दोरी धरणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही.

तो गेल्यावर लोकांनी काय करावं? हा मुलगा डिप्रेशन वगैरेवर बोलायचा ना, मग यानेच काहीतरी करून घेतलं असणार, घरचे डेंग्यू सांगतात. लिफ्टमध्ये, दूधवाल्याकडे, अगदी त्याच्या तेराव्याच्या जेवणालासुद्धा हीच कुजबुज. माणसांच्या जिभेला हाड नसतं हे माहीत होतं, पण मला त्या दिवसांत एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. त्याची आई, परबकाकू, तर हॉस्पिटलचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून भाजी आणायलाही बरोबर न्यायच्या. कुणी नुसतं "कसा हो गेला?" विचारलं, की रिपोर्ट बाहेर. लोक रिपोर्ट बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, देवाची मर्जी, आता मोठ्याकडे बघा, मन रमवा. त्या बाईचं स्वतःचं काय चाललंय, ते कुणी ऐकलंच नाही. कागद दाखवण्यातच तिचा सगळा शोक संपून जात होता.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा सराव सुरू केला. कुणाचं लक्ष नव्हतं, ताल चुकत होता, लवकरच थांबवलं. ओमकार एकटाच ढोल पायात धरून बसला होता, आणि दारात काकू उभ्या. कुणी बोलावलं नव्हतं. मी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. ओमकारजवळ जाऊन खाली बसल्या. त्याने दोरीचं टोक पुढे केलं. एका हाताने ती धरली जाईना, तेव्हा त्यांनी ती कागदांची पिशवी जमिनीवर ठेवली. बराच वेळ नुसता दोरीचा करकर आवाज. मग मान खाली घालूनच म्हणाल्या,

"एवढ्या पोरांचा ऐकल्यान त्येना. पण माका एकदाव सांगल्यान नाय, आये, अंग मोडता म्हणान."

इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच सिद्धेशवर रागावल्या होत्या. मला त्यांना सांगावंसं वाटलं की काकू, त्याने कुणालाच धड सांगितलं नाही, आणि आम्हीही गोळीवर विश्वास ठेवला. जीभ चावून गप्प बसले. ओमकार दोरी ओढत राहिला. काकूंच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.